काडी ओढण्याआधी विचार करा
शेत, प्लॉट आणि कब्रस्तानातील काडीकचरा जाळण्याचे नियम, धोके व पर्याय

कापसाचा शेवटचा वेचा घरात आला, तूर निघाली, हरभरा खळ्यावर पडला की घाटंजी तालुक्यात एक ठरलेले काम सुरू होते. पऱ्हाटी उपटायची, तुरीच्या तुऱ्हाट्या गोळा करायच्या, धुऱ्यावरचे वाळलेले गवत व काटेरी झुडपे तोडायची आणि सगळ्याला काडी लावायची. फेब्रुवारीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत हे चालते. काम पिढ्यानपिढ्यांचे आहे, सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. म्हणूनच त्यातील धोक्याकडे आणि त्यामागच्या कायद्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

हा शेतीचा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे दुकान गावात आणि चार-सहा एकर शेत गावाबाहेर आहे. ते शेत बटईने किंवा सालदाराच्या भरवशावर चालते. कोणी प्लॉट घेऊन ठेवला आहे आणि त्यावर गाजरगवत व बाभळी माजल्या आहेत. कोणाचे लाकडाचे टाल आहे, कोणाचे सरकीचे किंवा रुईचे गोदाम आहे, कोणाची बेकरी आहे, कोणी मोहफूल व तेंदूपत्त्याच्या व्यवहारात आहे. काही जण मस्जिद व कब्रस्तानाच्या कमिटीवर आहेत. या सगळ्यांचा आगीशी दोन बाजूंनी संबंध येतो. एक म्हणजे आपण लावलेली आग, दुसरी म्हणजे दुसऱ्याने लावलेली व आपल्या मालापर्यंत आलेली आग. दोन्हींचा हिशेब शेवटी गल्ल्यातूनच चुकवावा लागतो.

जमीन आपली, आग आपली राहत नाही

"माझ्या शेतात मी काय वाटेल ते जाळीन," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जमिनीची हद्द सातबाऱ्यावर असते, आगीला सातबारा वाचता येत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी वारा सुटतो, वावटळी उठतात. पेटलेले पऱ्हाटीचे पान किंवा गवताची काडी वावटळीत सापडली की धुरा ओलांडून पलीकडच्या शेतात जाऊन पडते. तिथे कडब्याची गंजी असते, कुटाराचा ढीग असतो, गोठा असतो, ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवलेल्या असतात, मोटारीची केबल असते. एका गंजीबरोबर शेजाऱ्याच्या ढोरांचा वर्षाचा चारा जातो.

आगीची दुसरी सवय अशी की ती विझल्यासारखी दिसते, पण विझलेली नसते. वाळलेला बुंधा, जमिनीतील मूळ, शेणाची गोवरी किंवा कुजलेल्या कुटाराचा थर आतल्या आत तासन् तास धुमसत राहतो. संध्याकाळी माणूस घरी येतो, रात्री वारा सुटतो आणि निखारा पुन्हा जागा होतो. कापसाच्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. रुईच्या गाठीत गेलेली ठिणगी वरून काही न दाखवता आत किती वेळ जळत राहते, हे जिनिंगमध्ये काम करणारा प्रत्येक माणूस जाणतो.

कायदा काय म्हणतो

आपल्या शेतातील काडीकचरा जाळण्याबद्दल लोकांच्या मनात बराच गोंधळ आहे. टीव्हीवर दिल्ली, पंजाब व हरियाणातील बातम्या दिसतात आणि त्यातील दंडाचे आकडे इथे चर्चेत येतात. म्हणून ते आधी स्पष्ट करतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये पिकांचे अवशेष जाळल्याबद्दल २ एकरांपेक्षा कमी जमीन असणाऱ्यास २,५०० रुपये, २ ते ५ एकरांस ५,००० रुपये आणि त्याहून अधिक जमीन असल्यास १५,००० रुपये अशी भरपाई ठरवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ही रक्कम दुप्पट करून अनुक्रमे ५,०००, १०,००० व ३०,००० रुपये केली. पण हे दर दिल्ली व तिच्या लगतच्या प्रदेशासाठी आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला ते जसेच्या तसे लागू नाहीत.

याचा अर्थ आपल्याकडे मोकळे रान आहे असा मात्र नाही. आपल्याला लागू असणारे कायदे दुसरे आहेत आणि ते अधिक कडक आहेत.

पहिला कायदा म्हणजे भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी ही संहिता आली. तिच्या कलम २८७ प्रमाणे आग किंवा ज्वालाग्राही वस्तू बेपर्वाईने हाताळून माणसाच्या जीवाला धोका निर्माण केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याच कलमात दुसराही भाग आहे आणि तो व्यापाऱ्याने नीट वाचण्यासारखा आहे. आपल्या ताब्यातील आगीबाबत किंवा जळाऊ मालाबाबत पुरेशी खबरदारी न घेणे हाही गुन्हा आहे. म्हणजे काडी कोणी ओढली एवढाच प्रश्न नाही. टालात, गोदामात, रॉकेल-डिझेलच्या डब्यांजवळ खबरदारी घेतली होती का, हाही प्रश्न विचारला जाऊ शकतो.

आगीत कोणाचा जीव गेला आणि बेपर्वाई सिद्ध झाली तर कलम १०६ लागते. त्यात ५ वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. मुद्दाम नुकसान करण्यासाठी शेतमालाला किंवा मालमत्तेला आग लावली तर कलम ३२६ खाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवण्याची इमारत नष्ट करण्यासाठी लावलेल्या आगीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. धुऱ्याच्या भांडणातून एखाद्याची गंजी पेटते तेव्हा "तो रागाचा भर होता" असे म्हणून सुटका होत नाही.

याशिवाय दिवाणी बाजू आहेच. शेजाऱ्याचे नुकसान झाले तर तो न्यायालयात भरपाई मागू शकतो. आग सालदाराने लावली, पण मालकाच्या सांगण्यावरून व मालकाच्या कामासाठी लावली, तर भरपाईचा बोजा मालकावर येतो. शहरात बसून फोनवर "जाळून टाक" म्हणणाऱ्या शेतमालकाने हे ध्यानात ठेवावे. बटईचा करार करताना काडीकचऱ्याचे काय करायचे, कोणी करायचे व कसे करायचे, ही एक ओळ कागदावर घ्यावी. आपण बैलजोडी, बियाणे, खत यांचा हिशेब लिहितो, मग हीच एक गोष्ट तोंडी का राहावी?

उन्हाळ्यात किंवा प्रदूषण वाढल्यावर जिल्हाधिकारी एखाद्या भागासाठी मनाई आदेश काढू शकतात. म्हणून मोठ्या प्रमाणात जाळण्याआधी तहसील कार्यालयात किंवा तलाठ्याकडे (आताचे नाव ग्राम महसूल अधिकारी) एकदा चौकशी करणे शहाणपणाचे.

जंगलालगतचे शेत

घाटंजी तालुक्याची गोष्ट इतर तालुक्यांपेक्षा वेगळी आहे, कारण इथे शेत आणि जंगल एकमेकांत मिसळलेले आहेत. सागाचे जंगल अनेक शेतांच्या धुऱ्याला येऊन टेकते. टिपेश्वर अभयारण्य केळापूर व घाटंजी या दोन तालुक्यांत पसरले आहे. त्याचे क्षेत्र १४८ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक असून १९९७ मध्ये ते घोषित झाले. आज तिथे वाघांचा चांगला वावर आहे. उन्हाळ्यात सागाची पाने गळून जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर साचतो. त्यात एक ठिणगी पुरते.

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलाला आग लावणे तर गुन्हा आहेच. पण नियमांविरुद्ध आग पेटवून किंवा पेटती आग तशीच सोडून जंगलाला धोका निर्माण करणे हाही गुन्हा आहे. जाळपोळ आपल्या शेतात होती, हा बचाव तिथे पुरत नाही. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० ने मना आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातील सर्वसाधारण शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे.

वन अधिनियमाच्या त्याच कलम २६ मध्ये आणखी एक तरतूद आहे. तिच्याकडे मोहफूल, तेंदूपत्ता, चारा व जनावरांच्या व्यापारात असलेल्या बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर राज्य सरकार त्या जंगलातील चराईचे व वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकते. म्हणजे काडी एकाने ओढायची आणि चराई बंद होणार साऱ्या गावाची. त्यात कोलाम, गोंड बांधवांचे मोहफूल जाते, गुराख्याची चराई जाते, बकरीपालकाचा धंदा जातो आणि त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या आपल्या दुकानदाराची उधारीही बुडते. मार्च-एप्रिलमध्ये फुले दिसावीत म्हणून मोहाच्या झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपे जाळतात. खरेदीदार व ठेकेदारांनी आपल्या मजुरांना हे करू नका असे स्वच्छ सांगावे. पाला झाडूने बाजूला सारला किंवा झाडाखाली जुने कापड, जाळी अंथरली तरी फुले वेचता येतात, आणि ती स्वच्छ राहिल्याने भावही बरा मिळतो.

कोणी पाहत नाही, असे समजण्यातही अर्थ नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने वणव्यांच्या सूचना वन खात्याला देत आहे. आगीचा ठिपका नकाशावर उमटतो आणि त्या भागातील वन कर्मचाऱ्यांपर्यंत संदेश जातो.

जंगलालगतच्या शेतात जाळणे अटळच असेल तर आधी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे, दिवस व वेळ सांगावी आणि शक्य असल्यास त्यांच्यासमोरच काम उरकावे. वन खाते फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंतचा काळ आगीचा हंगाम मानते. आपले काम त्याआधी, डिसेंबर-जानेवारीत, जमिनीत थोडी ओल असताना संपवलेले चांगले. वणवा दिसल्यास १९२६ या वन खात्याच्या क्रमांकावर, तसेच १०१ किंवा ११२ वर कळवावे. जंगलातून हक्काने वनोपज घेणाऱ्यांवर तर वणव्याची खबर देण्याची व तो विझवण्यास मदत करण्याची जबाबदारी कायद्यानेच टाकलेली आहे.

शहरातील प्लॉट आणि कब्रस्तान

नगर परिषदेच्या हद्दीत गोष्ट आणखी बदलते. रिकाम्या प्लॉटवर नुसते गवत नसते. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, रबर, कापडाच्या चिंध्या, थर्माकोल असतो. तो जाळला की विषारी धूर निघतो आणि तो थेट शेजारच्या घरात, दम्याच्या रुग्णाच्या व तान्ह्या मुलाच्या छातीत जातो. हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या प्रकरणात ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. हा आदेश आपल्यालाही लागू आहे.

शहरी भागातील झाडांबाबतचा महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा झाड तोडण्याच्या व्याख्येत झाड जाळणेही धरतो. प्लॉटवरील अडचणीचे झाड कोणाच्या नजरेत न येता जावे म्हणून बुंध्याशी कचरा पेटवणारे लोक आहेत. कायद्याच्या दृष्टीने ते विनापरवाना वृक्षतोडच करतात. शेतातही साग, मोह, खैर, आंबा, चिंच, तिवस, बीजा यांसारखी अनुसूचित झाडे १९६४ च्या कायद्याने संरक्षित आहेत. धुरा जाळताना सागाची दोन झाडे होरपळली, तर नुकसान आपल्याच तिजोरीचे आहे. टालवाल्याला भाजलेल्या खोडाचा भाव विचारून पाहावा.

कब्रस्तानाचा विषय आम्ही मुद्दाम वेगळा घेतो. शबे-बरातच्या आधी साफसफाईची घाई असते. पावसाळ्यात वाढलेले गवत तोवर वाळून कोळ झालेले असते आणि "एक काडी लावली की दोन तासांत मैदान साफ" हा मार्ग सोपा वाटतो. पण तिथे जुनी निंबाची, चिंचेची झाडे असतात, कबरींवरच्या पाट्या असतात, कुंपणापलीकडे दुसऱ्याचे शेत किंवा घर असते. आपल्या कब्रस्तानातून निघालेली आग शेजाऱ्याच्या शेतात गेली, तर नुकसानीबरोबर मनेही जळतात. मिश्र वस्तीच्या गावात हे फार महाग पडते. कमिटीने दोन-तीन शुक्रवार आधी ऐलान करून तरुणांना विळे-कोयते घेऊन बोलवावे, किंवा गवत कापण्याचे यंत्र एका दिवसासाठी भाड्याने घ्यावे. कापलेले गवत एखाद्या पशुपालकाला न्यायला सांगितले तर खर्चही वाचतो. वक्फची जागा ही अमानत आहे. तिची साफसफाईही अमानतीसारखीच व्हावी.

फिक्हचा जुना निवाडा

शेतातील धसकटे जाळण्याचा प्रश्न आजचा नाही. हनफी फिक्हचा प्रसिद्ध ग्रंथ 'हिदाया' इमाम बुरहानुद्दीन मरगीनानी यांनी लिहिला. त्यांचे निधन इसवी सन ११९७ मध्ये झाले. त्या ग्रंथात भाडेपट्ट्याच्या प्रकरणात नेमका हाच मसला आला आहे. एखाद्याने भाड्याने किंवा मागून घेतलेल्या जमिनीत धसकटे जाळली आणि दुसऱ्याच्या जमिनीतील वस्तू जळाली, तर जाळणाऱ्यावर भरपाई येते का? तिथे मूळ उत्तर नकारार्थी आहे. पण पुढे फकीहांचा खुलासा नोंदवला आहे. वारा शांत असताना आग लावली आणि नंतर वारा बदलला, तरच ही सवलत आहे. वारा आधीच सुटलेला असताना आग लावली तर भरपाई द्यावी लागेल, कारण अशा वेळी आग आपल्या जमिनीत थांबणार नाही हे लावणाऱ्याला ठाऊक असते.

आठशे वर्षांपूर्वीच्या या विचारातील बारकावा पाहण्यासारखा आहे. जमीन कोणाची, यापेक्षा आग लावताना माणसाला काय माहीत होते, याला तिथे महत्त्व दिले आहे. आजचा न्यायाधीशही निष्काळजीपणा ठरवताना बहुधा हेच विचारील की वारा सुटलेला दिसत असताना काडी का ओढली. प्रत्यक्ष नुकसान झाले असेल तर आपल्या प्रकरणाबाबत जाणकार उलेमांना विचारावे. पण शेजाऱ्याचा हक्क बुडवून मिळवलेल्या पिकात बरकत नाही, एवढे समजायला फतव्याची गरज नाही.

विम्याचा कागद काढून वाचा

अनेक दुकानदार बँकेच्या कर्जासाठी विमा काढतात आणि कागद फाइलीत ठेवून देतात. आगीच्या बाबतीत त्यातील शब्द महत्त्वाचे आहेत. जुन्या प्रमाणित आग विम्यात झुडपांच्या आगीने झालेले नुकसान धरले जाई, पण जंगलातील वणव्याने झालेले नुकसान वगळलेले असे. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' व 'भारत लघु उद्यम सुरक्षा' हे प्रमाणित विमे आले. पहिला एका ठिकाणच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी, तर दुसरा त्यापुढे ५० कोटींपर्यंत. यात झुडपांची आग व वणवा दोन्ही धरले आहेत. जंगलाच्या बाजूला गोदाम असणाऱ्यांनी आपली पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे हे एजंटाकडून लेखी विचारून घ्यावे.

मात्र दोन अडचणी लक्षात ठेवाव्यात. माल आपोआप तापून पेटला तर ते नुकसान काही पॉलिसींत वगळलेले असते. ओलसर सरकी, ढेप, कुटार यांच्या ढिगांत असे होऊ शकते. आणि मालकाने जाणूनबुजून केलेल्या कृतीतून झालेले नुकसान कोणतीही कंपनी देत नाही. पीक विम्यातही नैसर्गिक आगीचा विचार होतो, टाळता येण्यासारख्या जाळपोळीचा होत नाही.

आग लागलीच तर त्याच दिवशी पोलीस ठाणे, तहसील व विमा कंपनी यांना कळवावे, पंचनामा करून घ्यावा, फोटो काढावेत आणि सर्वेअर येईपर्यंत जळका माल हलवू नये. खरेदीची बिले व साठ्याची वही दुकानाबरोबर जळू नये म्हणून त्यांची एक प्रत घरी ठेवावी.

जाळणे अटळ असेल तर

आमचा सल्ला न जाळण्याचाच आहे. तरीही काटेरी झुडपे, रोगट बोंडे यांचा नायनाट करण्यासाठी कोणाला थोडे जाळावे लागले, तर पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. शेजारच्या शेतमालकांना आदल्या दिवशी सांगावे. त्यांची गंजी, ढोरे, पाइप जवळ असतील तर हलवू द्यावेत.

२. वारा शांत असताना, सकाळी काम सुरू करावे व दुपारचा वारा सुटण्याआधी आग पूर्ण विझवावी. पाने हलत असतील तर त्या दिवशी काम रद्द करावे. रात्री आग लावू नये.

३. उभ्या शेताला किंवा पसरलेल्या गवताला आग लावू नये. काडीकचरा शेताच्या मध्यभागी आणून लहान लहान ढीग करावेत व एका वेळी एकच ढीग पेटवावा. एक बसला की दुसरा.

४. ढिगाभोवती निदान दहा-पंधरा फुटांचा पट्टा वखरून माती उघडी करावी. वन खाते ज्याला जाळरेषा म्हणते तीच ही गोष्ट. धुरा व जंगलाच्या बाजूला पट्टा याहून रुंद ठेवावा.

५. विजेच्या तारांखाली, डीपीजवळ, मोटारीच्या केबलजवळ, गोठ्याजवळ व झाडाखाली आग लावू नये. रस्त्याच्या कडेला जाळल्यास धुराने मोटारसायकलवाल्याला समोरचे दिसत नाही आणि अपघात होतो.

६. पाण्याचा ड्रम, पाणी भरलेला फवारणी पंप, फावडी आणि हिरव्या पानांच्या फांद्या हाताशी असाव्यात. पंप आधी औषधाचा असेल तर तो धुऊन घ्यावा. निदान तीन मोठी माणसे हजर असावीत. मुलांना व एकट्या म्हाताऱ्या माणसाला हे काम देऊ नये.

७. पेट्रोल किंवा डिझेल ओतून पेटवू नये. पेट्रोलची वाफ एकदम भडकते आणि ओतणाऱ्यालाच गिळते.

८. अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉन, टेरिलीन वितळून कातडीला चिकटते. लुंगी, उपरणे, दुपट्टा मोकळा सोडू नये.

९. कीटकनाशकांचे रिकामे डबे व बाटल्या आगीत टाकू नयेत. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात किती घरे उद्ध्वस्त झाली ते आपण विसरलेलो नाही. जळणाऱ्या डब्याचा धूरही विषारीच असतो.

१०. शेवटी राखेवर पाणी मारावे, फावड्याने उलटसुलट करावे, पुन्हा पाणी मारावे. हाताचा पंजा राखेवर धरून ऊब लागत नाही ना, हे पाहिल्याशिवाय शेत सोडू नये.

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये. स्वच्छ कापड सैल गुंडाळून लगेच दवाखाना गाठावा.

राखेपेक्षा पऱ्हाटीला भाव आहे

आता धंद्याचे बोलू. एक हेक्टर कापसातून साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. तिची उष्णता देण्याची शक्ती किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी, म्हणजे हलक्या प्रतीच्या देशी कोळशाच्या जवळपास आहे. हे जळण आपण उघड्यावर पेटवतो आणि मग बेकरीसाठी, वीटभट्टीसाठी, लग्नाच्या देगेसाठी पैसे मोजून लाकूड आणतो. यात हिशेब कुठे बसतो?

मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून भुशाचे बोर्ड, कांड्या व गोळ्या बनवण्याचे तंत्र विकसित केले आहे. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. कांडीच्या स्वरूपातील या जळणाला बाजारात 'पांढरा कोळसा' म्हणतात. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात काही प्रमाणात जैविक जळण मिसळण्याचे धोरण जाहीर केले. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही मोठी औष्णिक केंद्रे विदर्भातच आहेत. पऱ्हाटी गोळा करणे, तिचे तुकडे करणे, वाहतूक करणे आणि कांड्या पाडणे या साखळीत ट्रॅक्टरवाला, वेल्डर, मेकॅनिक, वखारवाला, मजूर या सर्वांना काम आहे. आपल्या कारागीर तरुणांना यातले निम्मे हुनर आधीच येते.

एकट्याने कारखाना काढणे जमणार नाही. पण चार-पाच जणांनी मिळून ट्रॅक्टरवर चालणारे श्रेडर घेतले तर गावोगाव भाड्याने चालवता येते. कृषी यांत्रिकीकरण योजनेत अशा यंत्रांना अनुदान मिळते. लहान शेतकरी, महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ते किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत व इतरांसाठी ४० टक्क्यांपर्यंत असून त्याला यंत्रानुसार कमाल मर्यादा आहे. अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. व्याजाचे कर्ज टाळू इच्छिणाऱ्यांनी भागीदारीचा मार्ग धरावा आणि नफा-तोट्याचे प्रमाण आधीच लिहून ठेवावे.

"पऱ्हाटी जाळली नाही तर बोंडअळी राहील," हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे आणि त्यात अर्धे तथ्य आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने दिलेला फटका कोणी विसरलेले नाही. किडकी बोंडे शेतात किंवा पऱ्हाटीच्या ढिगात मेपर्यंत ठेवणे चुकीचेच आहे. पण पऱ्हाटीच्या आगीने मातीच्या भेगांत दडलेली अळी मरत नाही. फरदड न घेणे, हंगाम वेळेवर संपवणे, पऱ्हाटी लवकर उपटून तिचे बारीक तुकडे करणे आणि खोल नांगरणी करणे, हा उपाय अधिक खात्रीचा आहे. तुकडे केलेली पऱ्हाटी जमिनीत कुजली तर सेंद्रिय खत मिळते. जाळली तर नत्र धुरात जाते आणि वरच्या थरातील उपयोगी जीवाणू भाजून निघतात.

व्यापारी बांधवांनी या हंगामात एवढे करावे. आपल्या सालदाराशी, बटईदाराशी आणि कब्रस्तान कमिटीशी एकदा बसून बोलावे. जाळायचे की कुट्टी करायची, की बेकरीला विकायचे, हे आधी ठरवावे. गोदामाभोवतीचे गवत कापून घ्यावे, पॉलिसी काढून वाचावी, १९२६ व १०१ हे क्रमांक दुकानाच्या भिंतीवर लिहावेत. या सगळ्याला एक दिवस पुरतो. शेजाऱ्याची गंजी भरून द्यायला किती वर्षे लागतात, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या वहीत करून पाहावा.